बाबासाहेबांचा उतारा आणि अभ्यासिकेचे दार

आमच्या वस्तीतील विहाराच्या वरच्या मजल्यावर एक अभ्यासिका आहे. तीस-पस्तीस खुर्च्या, पुस्तकांची दोन कपाटे, कुरकुरणारा एक पंखा आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. वस्तीतील पोरांनी वर्गणी काढून ती उभी केली. गेल्या पावसाळ्यापासून तेथे नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यातील सात-आठ मुली येऊ लागल्या. कुणी बारावीची, कुणी नर्सिंगची, एक तलाठी भरतीची तयारी करणारी. त्यांच्या घरात दोन खोल्यांत नऊ माणसे राहतात, तेथे अभ्यास कुठे करणार? आल्या, रजिस्टरमध्ये नाव लिहिले, बसल्या. कुणाला काही वाटले नाही.

मग विहार समितीच्या बैठकीत एका तरुण सभासदाने ठराव मांडला. अभ्यासिकेत येताना बुरखा, हिजाब, स्कार्फ असे काहीही घालून येऊ नये, कारण हे बुद्धविहार आहे, येथे अंधश्रद्धेला थारा नाही. पोरगा चळवळीतला आहे, वाचणारा आहे, मनाने वाईट मुळीच नाही. त्याने मोबाईल पुढे केला. त्यावर बाबासाहेबांचे छायाचित्र आणि त्याखाली पडद्याच्या चालीवर बाबासाहेबांनी लिहिलेला उतारा. 'हे मी म्हणत नाही, बाबासाहेब म्हणतात,' असे तो म्हणाला आणि बैठक गप्प झाली. आमच्या बैठकीत बाबासाहेबांचे नाव निघाले की पुढे बोलायला कोण धजणार? आम्ही एवढेच म्हणालो, की ठराव पुढच्या रविवारपर्यंत थांबवा. तोवर पुस्तक काढून वाचू.

हा लेख म्हणजे त्या आठ दिवसांचा हिशेब आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की तो उतारा खोटा नाही. बाबासाहेबांच्या नावावर रोज हजार बनावट वचने फिरतात, त्यांतला हा प्रकार नव्हे. 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' या ग्रंथात, म्हणजे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी आठव्या खंडात, सामाजिक साचलेपणावर एक प्रकरण आहे. त्यात बाबासाहेबांनी मुस्लिम समाजातील पडद्यावर कठोर लिहिले आहे. पडद्यामुळे स्त्रीच्या शरीराची हानी होते, मनाची वाढ खुंटते, स्त्री-पुरुषांच्या निरोगी सहवासाला समाज मुकतो, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. हिंदूंतही काही ठिकाणी पडदा आहे, पण मुसलमानांत त्याला धर्माचे अधिष्ठान आहे, हा फरकही त्यांनी नोंदवला. यात लपवण्यासारखे काही नाही. बाबासाहेबांनी कुणाची भीड ठेवली नाही. हिंदूंची नाही, मुसलमानांची नाही, आमचीही नाही.

पण हाच उतारा आणखी एका ठिकाणी वापरला गेला, ते आमच्या तरुण मित्राला ठाऊक नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकातील उडुपीच्या सरकारी मुलींच्या कॉलेजात हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात घेण्याचे नाकारले गेले. मुली दाराशी बसून राहिल्या. नंतर इतर गावांतून भगवी उपरणी घातलेली पोरे समोर उभी राहिली. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथील सरकारने गणवेशाचा आदेश काढला आणि १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो उचलून धरला. हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही, हा त्या निकालाचा कणा. आणि त्या निकालपत्रात आधार म्हणून कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर, 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया', पडद्यावरील उतारा!

ज्यांचे सारे आयुष्य शाळेचे दार उघडण्यात गेले, ज्यांना स्वतःला वर्गात गोणपाटावर बसावे लागले, त्यांच्या शब्दांचा आधार मुलींना वर्गाबाहेर ठेवणाऱ्या निकालाला मिळाला. आम्हाला हे वाचून राग आला. पण नुसत्या रागाने युक्तिवाद होत नाही, म्हणून आम्ही पुढची पाने उलटली.

त्याच प्रकरणात, काही पानांनंतर बाबासाहेब विचारतात, की भारतीय मुसलमानांत सुधारणेची चळवळ का नाही? इतर देशांतले मुसलमान बदलत असताना हेच का अडून बसले? आणि उत्तर देतात, की त्याचे कारण ते ज्या परिस्थितीत राहतात तिच्यात आहे. भोवतालचे वातावरण हिंदू आहे. ते आपले मुसलमानपण हळूहळू पुसून टाकते आहे, असे त्यांना वाटते. म्हणून जे जे इस्लामी ते ते जपायचे, ते हिताचे की अहिताचे हे न तपासता जपायचे, अशी त्यांची वृत्ती बनते. राजकारणातही तेच. आपण दडपले जाऊ आणि दडपले गेल्यावर आपलीही गत अस्पृश्य वर्गासारखी होईल, ही भीती. बाबासाहेबांनी हे १९४० च्या दशकात लिहिले.

आता वाचकांनीच सांगावे. पडदा वाईट, हे निदान. भयाने पडदा घट्ट होतो, ही रोगाची मीमांसा. ज्याने निदान वाचले आणि मीमांसा वाचली नाही, तो औषध म्हणून काय देणार? आणखी भय. कॉलेजच्या फाटकावर उभे राहून 'काढ, नाहीतर घरी जा' म्हणणे म्हणजे रोग्याला तेच विष दुप्पट पाजणे आहे. हा अर्थ आम्ही आमच्या पदरचा लावत नाही, तो त्या प्रकरणातच आहे.

बाबासाहेबांना स्त्रीच्या पोशाखाचा प्रश्न नवा नव्हता. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, पण दोन दिवसांनी, २७ तारखेला, स्त्रियांपुढे झालेले भाषण विसरले जाते. तुमचे लुगडे नेसण्याची तऱ्हा, गळ्यातील गळसऱ्या, हातापायांतील कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे बाबासाहेबांनी त्या बायाबापड्यांना सांगितले. म्हणजे बाबासाहेब पोशाखावर बोलले, आणि परखडपणे बोलले. परिणाम काय झाला? बायकांनी तेथल्या तेथे नेसण्याची पद्धत बदलली. चित्रे आणि टिपणीस या घरांतील स्त्रियांनी त्यांना पायघोळ लुगडे नेसायला मदत केली. तेथे पोलीस नव्हते, परिपत्रक नव्हते. जुन्या तऱ्हेने नेसलेल्या बाईला चवदार तळ्यावर पाणी मिळणार नाही, असे कुणी म्हटले नव्हते. एका माणसाने आपल्या बायकांना विश्वासात घेऊन सांगितले आणि बायकांनी आपल्या हाताने बदल केला. सुधारणा आणि सक्ती यांत हा फरक आहे.

आणि झाकण्याचा हक्क म्हणजे काय, हे तर बहुजनांना कुणी शिकवू नये. त्रावणकोरात नाडार बायकांना छाती झाकण्याची मनाई होती. उघडे राहणे हा वरच्या जातीपुढचा आदर होता म्हणे! त्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात अनेक दशके लढा दिला. बाजारात त्यांची वस्त्रे फाडली गेली. अखेर १८५९ मध्ये राजाने परवानगी दिली, तीही अशी की झाका, पण वरच्या जातीच्या बायकांसारखे झाकू नका. तेथे अंगावर कापड घेणे हे बंड होते. इराणात आज अंगावरून कापड काढणे हे बंड आहे. कापड तेच. मग कापडाकडे काय बघायचे? ते घालायला किंवा काढायला लावणारा हात कुणाचा आहे, तो बघायचा.

इराणचे उदाहरण तर सर्वांनी अभ्यासावे असे आहे. १९३६ मध्ये रझाशहाने पडद्यावर बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढत. कित्येक बायकांनी त्या अपमानापेक्षा घरात कोंडून घेणे पत्करले, म्हणजे पडदा उठवण्यासाठी केलेल्या हुकुमाने त्या आणखी खोल पडद्यात गेल्या. पुढे १९७९ च्या क्रांतीनंतर फासा उलटला. ८ मार्च १९७९ रोजी, महिला दिनीच, तेहरानच्या बायका सक्तीविरुद्ध रस्त्यावर आल्या, पण काही वर्षांत कायदा होऊन डोके झाकणे बंधनकारक ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये बावीस वर्षांची महसा अमिनी ही कुर्द तरुणी 'नीट झाकले नाही' म्हणून पकडली गेली आणि कोठडीतून इस्पितळात जाऊन मरण पावली. देश पेटला. एकाच घरातील आजीच्या डोक्यावरची चादर पोलिसाने ओढून काढली आणि नातीच्या डोक्यावर ती पोलिसाने जबरदस्तीने ठेवली. राजा बदलला, धर्माधिकारी आले, पोलीस तोच!

म्हणून 'तुम्ही इराणात हिजाब जाळणाऱ्या बायकांच्या बाजूने आणि उडुपीत हिजाब घालणाऱ्या मुलींच्या बाजूने, हा दुटप्पीपणा नव्हे काय' असे जे विचारतात, त्यांना आमचे उत्तर एका वाक्यात आहे. आम्ही दोन्हीकडे पोलिसाच्या विरुद्ध आहोत.

येथपर्यंत सोपे होते. अवघड पुढे आहे.

इंग्रजी वर्तमानपत्रांतून आणि शहरी स्त्रीवादी मंडळींकडून एक शब्द वारंवार येतो. चॉइस. तिची निवड, तिचा प्रश्न, विषय संपला. आमचा या शब्दावर पुरा विश्वास नाही, हे स्पष्ट लिहितो. निवड आकाशातून पडत नाही. सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर कापड बांधले जाते, तेव्हा ती निवडत नसते. मोहल्ल्यातील चार टोळभैरव आणि घरातला भाऊ यांच्या नजरेचे वजन त्या कापडात असतेच. आमच्याकडे मुरळ्या सोडल्या जात, जोगतिणी सोडल्या जात. त्यांतल्या अनेकजणी सांगत, की देवीनेच आम्हाला बोलावले, आमची इच्छा आहे. बाबासाहेबांनी ती इच्छा शिरसावंद्य मानली नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील भगिनींपुढे त्यांनी हे जिणे सोडा असे तोंडावर सांगितले. दलित स्त्रियांच्या चळवळीने पुढे उच्चवर्णीय स्त्रीवादाशी जे भांडण मांडले, त्याचे सारही हेच होते, की बाई ही नुसती बाई नसते. ती जातीत असते, वर्गात असते, वस्तीत असते. तिची निवड त्या चौकटीतच घडते.

पण या खऱ्या गोष्टीवरून खोटा निष्कर्ष काढला जातो. तिची निवड पूर्ण स्वतंत्र नाही, म्हणून तिच्या वतीने आम्ही निवडतो, असे सरकार म्हणते, कॉलेज म्हणते, उपरणेवाले म्हणतात. अहो, मग तुमची कुणाची निवड स्वतंत्र आहे? मंगळसूत्र घालणारीने ते कोणत्या दुकानात पंचवीस पर्याय बघून निवडले? पुण्याच्या रस्त्यावर स्कूटीवर बसलेली प्रत्येक मुलगी डोळे सोडून सारा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळते, तेव्हा कुणी ठराव मांडत नाही. ते ऊन-धुळीसाठी असते म्हणे. असेलही. पण मग हिजाबवालीला मात्र 'कशासाठी घालतेस' याचा जबाब का द्यावा लागतो?

आमची कसोटी वेगळी आहे. उद्या तिच्यापुढे आजच्यापेक्षा जास्त दारे उघडी असतील की कमी, एवढेच आम्ही विचारतो. मुरळी सोडण्याची चाल बंद केली, तर दारे वाढतात. हिजाबवालीला वर्गाबाहेर काढले, तर असलेले एकुलते दार बंद होते. ती घरी जाते, आणि घरी तिची वाट कोण बघत असतो? तोच भाऊ, तोच मौलवी, तेच लवकर लग्न. म्हणजे मुल्लाला जे हवे होते ते सरकारने करून दिले! कर्नाटकात अनेक मुलींच्या परीक्षा बुडाल्या, कुणी कॉलेज बदलले, कुणी सोडले. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे सोपवले गेले. त्यांतील न्या. सुधांशू धुलिया यांनी धर्माच्या अत्यावश्यकतेचा काथ्याकूट बाजूला ठेवून एकच प्रश्न मध्यभागी ठेवला, की या बंदीने मुलीचे शिक्षण सुकर होते की अवघड? खेड्यातली मुलगी शाळेत जाण्यापूर्वी घरची किती कामे उरकते, याची आठवण त्यांनी दिली. आमच्या मते फुले दांपत्याच्या वाटेने जाणारा प्रश्न हाच.

मौलवींनाही आम्ही सोडणार नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधान भवनावर मोर्चा नेला. सातच बाया होत्या, पण तलाकपीडितेचा आवाज प्रथम रस्त्यावर आला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभे राहिले. 'सत्यशोधक' हे नाव त्यांनी जोतिरावांकडून घेतले. त्या माणसाला समाजाने काय दिले? शिव्या आणि बहिष्कार. 'आमच्या बायका आमचा प्रश्न' म्हणणारा मुस्लिम पुढारी आणि 'आमचा धर्म आमचा प्रश्न' म्हणून हिंदू कोड बिल अडवणारा सनातनी हे एकाच आईची लेकरे आहेत. मुली हिजाबसाठी कोर्टात गेल्या तेव्हा जे पुढारी पुढे सरसावले, ते त्याच मुलींना वारसाहक्कात वाटा मागताना कुठे असतात, हे मुलींनी विचारले पाहिजे. आणि त्या विचारतील, जर त्या वर्गात राहिल्या तर.

हे लोण महाराष्ट्रातही आले. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ला यांना मनाई केली. चेंबूर म्हटले की आमच्या वाचकांना सिद्धार्थ कॉलनी आठवते, बाजूच्या गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या आठवतात. त्या पट्ट्यातून येणाऱ्या पोरींना कॉलेज म्हणजे काय असते हे आम्हाला ठाऊक आहे. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, २६ जून रोजी याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यापुरती अंतरिम स्थगिती दिली. चेहरा झाकणारा बुरखा मात्र वर्गात चालणार नाही, असेही सांगितले. हे आम्हालाही रास्त वाटते, शिकवताना चेहरा दिसावा. कॉलेजचा दावा होता, की विद्यार्थ्यांचा धर्म कळू नये म्हणून हा नियम. त्यावर न्यायमूर्तींनी विचारले, की मग नावांवरून धर्म कळत नाही काय? कपाळावरच्या टिळ्या-टिकलीचे काय? आम्ही हे वाचून हसलो, पण कडू हसलो. आडनाव सांगताच वर्गातली हवा बदलते, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना या प्रश्नाची धार वेगळी लागते.

या पोरींच्या मुक्तीची ज्यांना एवढी तळमळ, त्यांना आम्ही एक जुना कागद दाखवू. जुलै २०१४ मध्ये महाराष्ट्र सरकारने अध्यादेश काढून मुसलमानांतील मागासांना ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील शिक्षणाचा भाग चालू ठेवायला हरकत घेतली नाही. तरी अध्यादेशाची मुदत संपू दिली गेली आणि नव्या सरकारने कायदा केला नाही. डोक्यावरचे कापड काढायला पुढे आलेले हजार हात हातात पुस्तक द्यायच्या वेळी कुठे गेले होते?

रविवारी बैठक भरली. आम्ही खंड आठवा नेला आणि पुढची पाने वाचून दाखवली. चर्चा झाली, आवाज चढले. तेव्हा समितीतील एक ताई, पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या, म्हणाल्या, 'तुम्ही आठ दिवस पुस्तकं वाचली. त्या पोरींना कुणी विचारलं का?'

कुणीच विचारले नव्हते. आम्हीही नाही. तीन तास स्त्रीमुक्तीवर बोलणारे आम्ही सारे, आणि वर माडीवर मुली बसल्या होत्या.

ताई वर गेल्या आणि चौघींना घेऊन आल्या. एकीने सांगितले, की ती रस्त्यावर घालते, येथे आल्यावर काढून पिशवीत ठेवते, तिला गरम होते. दुसरी म्हणाली, 'हे आहे म्हणून अब्बा सोडतात. हे गेलं की अभ्यासिका गेली.' तिसरीने शांतपणे सांगितले, की तिची श्रद्धा आहे, कुणी लादलेले नाही, आणि तिला यावर वाद नको. चौथी तलाठी भरतीवाली. तिने आम्हा सर्वांकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, 'काका, स्कार्फचं नंतर बघा. आधी पंख्याचं बघा.'

बैठकीत पहिल्यांदा हशा पिकला. तरुण सभासदाने ठराव मागे घेतला. त्याने मनापासून घेतला की नाइलाजाने, हे आम्ही विचारले नाही. पंख्यासाठी सातशे रुपये तेथेच जमले.

जाता जाता त्या चौथ्या मुलीने आमच्या हातातला जाड खंड बघितला आणि बाबासाहेबांनी आमच्या लोकांविषयी नेमके काय लिहिले आहे ते मला वाचायचे आहे, असे म्हणाली. आमच्या कपाटात इंग्रजी प्रत आहे, ती तिला जड जाते. या ग्रंथाच्या मराठी अनुवादाची जादा प्रत कुणा वाचकाकडे असेल, तर ती अभ्यासिकेला द्यावी. आम्ही येऊन घेऊन जाऊ.